पालीचे शेपूट आणि दुखण्यावरची गोळी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. साठीकडे झुकलेला एक पाडेली भिंतीचा आधार घेत आत आला. एरवी उभ्या माडावर सरसर चढणारा माणूस, पण त्या दिवशी चेहरा पांढराफटक पडलेला, नाडी जलद आणि चार पावलांत दम. तीन दिवस शौचाला डांबरासारखे काळे होत होते. हिमोग्लोबिन निघाले ७.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. फेब्रुवारीच्या शेवटी माडावरून उतरताना त्याचा घोटा मुरगळला होता. सूज आली, हळदीचा लेप झाला आणि मग दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी सुरू झाली. दिवसाला दोन. पावसाआधीचे कामाचे दिवस, घरी बसून भागणार नव्हते. सकाळी गोळी घ्यायची आणि माडावर चढायचे, असे दहा आठवडे चालले होते.

"गोळी घेतली काय दुखाचा थांबता. मगे माडार चढूक काय हरकत आसा?" त्याने मला अगदी सरळ विचारले.

त्याला सलाईन लावून बांबोळीला पाठवले. तिथे दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या आणि माणूस वाचला. गोळीने जठरात जखम का केली, हे कोणताही डॉक्टर सांगेल. माझ्या मनात मात्र त्याचा घोटा राहिला. साधा मुरगळलेला घोटा सहा आठवड्यांत बराच सुधारतो. याचा दहा आठवड्यांनंतरही सुजलेलाच होता. रोज त्याच पायावर भार पडत होता, हे एक कारण उघड आहे. पण दुखणे थांबवणारी गोळी दुरुस्तीही थांबवत असेल का? हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ चपट्या कृमीपासून घरातल्या पालीपर्यंत पोहोचले आहेत.

तुकड्यातून उभा राहणारा जीव

पावसाळ्यात कुंडी उचलली की कधी कधी तिच्याखाली एक लांब, चपटा, बुळबुळीत जीव सापडतो. डोके अर्धचंद्रासारखे. बरेच जण त्याला जळू समजून मीठ टाकतात. तो असतो जमिनीवर राहणारा चपटा कृमी. त्याचेच गोड्या पाण्यातले भाऊबंद स्वच्छ ओढ्यांत दगडांखाली राहतात. त्यांना प्लॅनेरिया म्हणतात. लांबी नखाएवढी, डोक्यावर तिरळे वाटणारे दोन काळे डोळे. याचे दोन तुकडे केले, तर डोक्याकडच्या भागाला शेपूट येते, शेपटीकडच्या भागाला नवे डोके, नवे डोळे आणि नवा मेंदू.

अमेरिकन शास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तुकडे किती लहान करता येतात ते पाहिले. मूळ कृमीच्या २७९ व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण जीव उभा राहू शकतो, असा त्यांचा आकडा आजही सांगितला जातो. रहस्य आहे ते त्याच्या अंगभर पसरलेल्या मूळ पेशींत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने एका कृमीच्या साऱ्या मूळ पेशी मारून टाकल्या आणि दुसऱ्याची फक्त एक मूळ पेशी त्याच्यात सोडली. त्या एका पेशीच्या वंशाने मरू घातलेला कृमी पुन्हा उभा केला.

अशा जीवांचा एक व्यावहारिक उपयोग असा की, एखादे औषध किंवा रसायन दुरुस्तीच्या कामात आड येते का, हे त्यांच्यावर थोड्या दिवसांत आणि नुसत्या डोळ्यांनी कळते. तुकडा करायचा, पाण्यात औषध मिसळायचे आणि डोके कधी येते ते पाहायचे. हाच प्रयोग हायड्रा या दुसऱ्या चिमुकल्या जलचरावरही करतात. २००८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तुकडे केलेल्या हायड्रांवर ११ औषधे तपासली. दुरुस्ती मंदावणाऱ्यांत आयब्युप्रोफेन आणि नेप्रोक्सेन या आपल्या ओळखीच्या वेदनाशामकांचा समावेश होता. मात्र त्यासाठी लागलेली मात्रा लिटरला काही मिलिग्रॅम, म्हणजे नदीनाल्यांत सहसा आढळते त्याच्या कितीतरी पट होती.

हायड्रा म्हटले की आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत हायड्राच्या पुनर्निर्मितीवर वर्षानुवर्षे काम झाले असून, तिथल्या हायड्राचा एक वाण पुण्याच्या नावाने जगभर ओळखला जातो. ही संस्था ज्यांच्या नावाने आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर आपल्या मालवणचे. जन्म १८८४ चा. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पण सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात राहणारा जेलीफिश शोधण्याचा मान त्यांच्याकडे जातो. हा जेलीफिश आणि हायड्रा एकाच मोठ्या कुळातले.

बडोद्यातली पाल

हायड्राला ना हाड ना रक्त. त्याच्यावरून माणसाबद्दल बोलणे म्हणजे फारच लांबची उडी. मधली एक पायरी आपल्या भिंतीवरच असते. मांजराने झडप घातली की पाल शेपूट टाकून पळते. तिच्या शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या जागा जन्मतःच ठरलेल्या असतात आणि स्नायू आवळून ती स्वतःच शेपूट तोडते. रक्त जवळजवळ सांडतच नाही. काही दिवसांत जखमेवर पातळ त्वचा चढते, तिच्याखाली नव्या पेशींचा एक कोंब तयार होतो आणि त्यातून शेपूट वाढू लागते. नवे शेपूट हुबेहूब जुन्यासारखे नसते. आत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते, वरची नक्षीही वेगळी दिसते. पण ते शेपूटच असते, नुसता व्रण नाही.

सयाजीराव गायकवाडांचे बडोदे आपल्याला परके नाही. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने या पालीवर बरीच वर्षे चिकाटीने काम केले आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या पाडेल्याच्या घोट्याच्या अगदी जवळचा होता. शेपूट तुटलेल्या पालीला वेदनाशामक दिले तर काय होईल? त्यासाठी निवडलेले औषध इटोरिकॉक्सिब, म्हणजे गुडघे-कंबरदुखीसाठी आज सर्रास लिहिली जाणारी गोळी. २००८ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत निष्कर्ष असा दिसतो: औषध दिलेल्या पालींत जखमेवरची त्वचा आणि तिच्याखालचा कोंब तयार व्हायला उशीर झाला आणि शेपटीची वाढ मंदावली. पुढच्या कामात दिसले की, पेशींचे विभाजन कमी झाले होते आणि पेशी मरण्याचे प्रमाण वाढले होते.

असे का झाले, ते समजायला गोळी काम कशी करते ते पाहावे लागेल.

गप्प बसवलेली दवंडी

कुठेही इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करतात. ती तयार करणाऱ्या विकराचे नाव कॉक्स. पूर्वी गावात दवंडी पिटली जायची, तसेच हे प्रोस्टाग्लँडिनचे काम. रक्तवाहिन्या रुंदावतात, मदतीच्या पेशी गोळा होतात, जागा लाल होते, सुजते आणि मज्जातंतू हळवे होऊन दुखू लागते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब ही सारी औषधे या कॉक्सला अडवतात. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी हे प्रथम दाखवले आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणखी दोघांसह मिळाले. पॅरासिटामॉल या गटात बसत नाही. त्याचा सुजेवर फारसा परिणाम होत नाही.

पण दवंडी फक्त "दुखतंय" एवढेच सांगत नसते. प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा त्यातला एक प्रमुख प्रकार. जखमेतल्या पेशींना वाढायला, सरकायला आणि विभागायला सांगणाऱ्यांत तोही असतो. जठराच्या अस्तरावर संरक्षक थर ठेवायला तो मदत करतो. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायलाही मदत करतो. गोळी दवंडी बंद करते, तेव्हा चारही ठिकाणची बंद होते. घोट्याची आणि जठराची दवंडी वेगळी करून ऐकायचे कसब तिच्यात नाही. इटोरिकॉक्सिबसारख्या नव्या औषधांत जठराचा त्रास काहीसा कमी असतो, पण मूत्रपिंड, रक्तदाब आणि हृदय यांचा धोका उरतोच.

बडोद्याच्या गटाचा आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. पालीचे शेपूट पुन्हा येते, पण पाय तुटला तर येत नाही. तिथे व्रणच राहतो. जीव एक, रक्त एक, मग फरक कशाचा? त्यांनी दोन्ही जखमांतली कॉक्सची हालचाल तुलनेने पाहिली. ती दोन्हीकडे सारखी नव्हती, आणि तिच्याबरोबर जखम भरण्याची तऱ्हाही वेगळी होती. म्हणजे सूज हा सरसकट शत्रू नाही आणि सरसकट मित्रही नाही. ती कुठे, केव्हा आणि किती वेळ आहे, यावर सारे ठरते.

पालीपासून माणसापर्यंत

आता डॉक्टर म्हणून मला सावध व्हायला हवे. आपण पाल नाही. एकच औषध वेगवेगळ्या जिवांत किती वेगळे वागते, याचा धडा आपल्या देशाने गिधाडांकडून घेतला आहे. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक गुरांना सहज पचत होते, पण त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्याने निकामी केली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गुरांना जे चालले ते गिधाडांना चालले नाही. तेव्हा पालीला जे झाले ते माणसाला होईलच, असे धरून चालता येत नाही.

माणसांबद्दल काय माहीत आहे? तुटलेला हात पुन्हा उगवत नाही, पण लहान मुलाच्या बोटाचे टोक तुटले तर ते कधी कधी पुन्हा भरून येते. यकृताचा मोठा भाग काढला तरी ते वाढते. हाड सांधते, स्नायू भरतात. ही आपली पुनर्निर्मितीच.

हाडांपासून सुरुवात करू. ज्या उंदरांत कॉक्स-२ चा जनुकच नव्हता, त्यांची मोडलेली हाडे नीट सांधली नाहीत, हे २००२ मध्ये दिसले. माणसांवरचे अभ्यास मात्र एकमुखी नाहीत. थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी फारसे बिघडत नाही, दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास शंका राहते, असा साधारण सूर आहे. म्हणून हाड मोडल्यावर कोणती गोळी किती दिवस घ्यायची, हे अस्थिरोगतज्ज्ञाला ठरवू द्यावे.

स्नायूंबद्दल २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. धावपटूंना ३६ किलोमीटर पळवले. काहींना इंडोमेथासिन हे वेदनाशामक दिले, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषधाविना राहिलेल्यांच्या स्नायूंत दुरुस्ती करणाऱ्या मूळ पेशी आठवड्याभराने वाढलेल्या दिसल्या. औषध घेतलेल्यांत ती वाढ दिसली नाही. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की स्नायूंच्या मूळ पेशींना कामाला लावणाऱ्या निरोपांपैकी एक हाच प्रोस्टाग्लँडिन ई-२ आहे.

पण थांबा. २०११ मध्ये अमेरिकेतच ज्येष्ठ नागरिकांना १२ आठवडे मांडीचा व्यायाम दिला, तेव्हा रोज आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेणाऱ्यांचे स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. म्हातारपणी अंगात सतत धुमसणारी बारीक सूज गोळीने कमी केली असेल, असे एक स्पष्टीकरण आहे. तरुणाची ताजी सूज आणि वृद्धाची जुनी सूज या एकच गोष्ट नव्हेत. पालीचे शेपूट आणि पाय यांचीच आठवण इथे होते.

मग गोळी घ्यायची की नाही?

घ्यायची. वेदना सहन करण्यात काही मोठेपणा नाही. मुतखड्याची कळ, दाताचा ठणका, शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे, संधिवाताची सूज या वेळी ही औषधे वरदान आहेत आणि मी स्वतः ती रोज लिहितो. माझे म्हणणे एवढेच की, गोळी दुखणे थांबवते, इजा बरी करत नाही. ती घेतल्यावर पाय दुखत नाही याचा अर्थ पाय काम करायला तयार झाला असा नसतो. गोळीने मिळालेला वेळ विश्रांतीसाठी वापरायचा, माडावर चढण्यासाठी नव्हे.

मुरगळणे, लचक, मुका मार असेल तर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे यांनी बरेच काम होते. दुखणे फार असेल तर आधी पॅरासिटामॉल. प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. वजन कमी असलेल्यांनी, वृद्धांनी आणि दारू घेणाऱ्यांनी त्याहून बरेच कमी घ्यावे. डायक्लोफिनॅकसारखी गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस आणि जेवणानंतर. कायद्यानेही ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसते. चार-पाच दिवसांत उतार नसेल तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.

ज्यांना पूर्वी जठरव्रण झाला आहे, मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, ज्या गरोदर आहेत, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची लहान ॲस्पिरिन दिली असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. पाऊस सुरू झाला की शेतात राबणाऱ्यांना ताप येतो, पोटऱ्या ठणकतात आणि अंगदुखी म्हणून डायक्लोफिनॅक घेतले जाते. हा ताप लेप्टोस्पायरोसिसचा असेल, तर त्यात मूत्रपिंडावर आधीच घाला पडलेला असतो आणि गोळी त्यात भर घालते. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोडामार्गाच्या बाजूला २०१६ पासून दिसलेल्या माकडतापातही रक्तस्रावाची भीती असते. म्हणून पावसाळ्यातल्या तापात निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी नको आणि अंगदुखीचे इंजेक्शनही नको. शौचाला काळे होणे, लघवी कमी होणे, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज, दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माझा पाडेली पावसाळाभर घरी बसला. पहिले काही आठवडे पाय जमिनीवर टेकवायचा तोही पट्टी बांधून. नंतर आमच्याकडे येऊन घोट्याचे व्यायाम शिकला. गोळी एकही नाही. गणपतीच्या सुमारास सूज उतरली होती. विश्रांतीने बरे वाटले, व्यायामाने, की गोळी थांबल्याने, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. त्याचे चार महिन्यांचे उत्पन्न बुडाले, हेही तितकेच खरे. त्याने फेब्रुवारीतच दोन-तीन आठवडे पाय उचलून ठेवला असता, तर कदाचित एवढे बुडाले नसते.

नवरात्रात तो परत आला तेव्हा हिमोग्लोबिन ११ होते. हातात दोन शहाळी. मी म्हटले, "चढलास वाटतं?" तर हसून म्हणाला, मुलाने उतरवली. आणखी महिनाभर आपण खालीच उभे राहून नारळ मोजणार आहोत.